मॅप्स वेगमर्यादा सांगेल, पण सुरक्षित वेग कोण सांगणार?

गाडी चालवताना मॅप्स चालू असेल तर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात तुमचा वेग दिसतो. ज्या रस्त्याची माहिती ॲपकडे आहे तिथे त्याच्या शेजारी वेगमर्यादाही दिसते. मर्यादा ओलांडली की आकड्याचा रंग बदलतो. नवीन कार असेल तर डॅशबोर्डवरून बीपही ऐकू येतो. त्यात एक्सप्रेसवेवर कॅमेरे आणि फोनवर येणारं ई-चलन. म्हणजे वेगावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आजच्याइतकी याआधी कधीच नव्हती.

तरीही आकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ लोकांचा जीव गेला. यातल्या ७१ टक्के मृत्यूंसमोर कारण म्हणून 'अतिवेग' लिहिलेलं आहे. ही नोंद पोलिसांच्या कागदावरची आहे, प्रत्येक ठिकाणी कोणी वेग मोजलेला नसतो, त्यामुळे हा टक्का थोडा सावधपणे वाचायला हवा. पण वेग हा मोठा प्रश्न आहे, याबद्दल कुणाचं दुमत नाही. मरणाऱ्यांमध्ये दुचाकीवरच्या लोकांचा वाटा सुमारे ४४ टक्के होता, म्हणजे हा विषय फक्त कारवाल्यांचा नाही.

आपल्यापैकी बरेच जण सध्या लर्निंग लायसन्सवर आहेत, किंवा धाकट्या भावाला, बहिणीला, कधी कधी आईला गाडी शिकवतायत. त्यांच्यासाठी प्रश्न साधा आहे: शिकणाऱ्याने नेमक्या किती वेगाने चालवायचं? आणि याचं उत्तर फोन देऊ शकतो का?

आधी कायदा काय म्हणतो?

एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी कमाल वेगमर्यादा जाहीर केल्या. कारसाठी त्या अशा आहेत:

- प्रवेश-नियंत्रित एक्सप्रेसवे: ताशी १२० किमी
- मध्ये दुभाजक असलेला चार किंवा जास्त लेनचा रस्ता: १०० किमी
- महापालिका, नगरपालिका हद्दीतले रस्ते: ७० किमी
- इतर रस्ते: ७० किमी

मोटरसायकलसाठी चार लेनच्या रस्त्यावर ८०, तर शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०.

पण या सगळ्या आकड्यांच्या आधी 'कमाल' हा शब्द आहे. स्थानिक यंत्रणा यापेक्षा कमी मर्यादा ठरवू शकते आणि मग रस्त्यावरचा बोर्डच खरा. मुंबईचा कोस्टल रोड घ्या. सरळ रस्त्यावर ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि आत-बाहेर जाण्याच्या ठिकाणी ४०. अटल सेतूवर कारला १०० ची परवानगी आहे, पण चढ-उताराच्या रॅम्पवर फक्त ४०. एकाच प्रवासात मर्यादा तीन-चार वेळा बदलते.

आता कायद्यातला कमी माहीत असलेला भाग. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ हे मर्यादा ओलांडल्याबद्दल आहे. कारला १,००० ते २,००० रुपये दंड, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच्या पुढचं कलम १८४ धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. त्यात वेग धोकादायक आहे की नाही हे ठरवताना जागा कशी आहे, रस्त्याची अवस्था काय आहे, गर्दी किती आहे, हे सगळं बघायचं असं म्हटलंय. म्हणजे ७० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ५० ने चालवणंसुद्धा धोकादायक ठरू शकतं. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर बोर्डवरचा आकडा ही मॅक्स व्हॅल्यू आहे, डिफॉल्ट नाही.

फोनला हे कळतं कसं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत: तुमचा वेग आणि रस्त्याची मर्यादा.

वेग जीपीएसवरून येतो. उपग्रहाकडून येणाऱ्या सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीत तुमच्या हालचालीमुळे जो बारीक फरक पडतो, त्यावरून आणि बदलत्या लोकेशनवरून फोन वेग काढतो. मोकळ्या रस्त्यावर हा आकडा चांगलाच अचूक असतो. मात्र फोन तो साधारण सेकंदाला एकदा बदलतो. त्यामुळे जोरात ब्रेक मारला की आकडा थोडा मागे राहतो. उंच इमारतींच्या मध्ये तो उड्या मारतो आणि बोगद्यात सिग्नलच जातो. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. तिथे फोनच्या आकड्यावर विसंबू नका, गाडीचा काटा बघा.

मग गाडीचा काटा आणि फोन यांत फरक का दिसतो? कारण काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवतो. जगात बऱ्याच ठिकाणी पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर चालतो. खरा वेग ६० असताना काटा ७० पर्यंत गेला तरी तो नियमात बसतो. म्हणून काट्यावर ६० आणि फोनवर ५६ दिसलं तर काहीही बिघडलेलं नाही. फक्त 'अजून चार बाकी आहेत' म्हणून ॲक्सिलरेटर दाबू नका.

वेगमर्यादेची माहिती मात्र फोन मोजत नाही, ती डेटाबेसमधून येते. जुलै २०२२ मध्ये गूगलने भारतात स्ट्रीट व्ह्यू पुन्हा आणलं, तेव्हा वाहतूक पोलिसांनी दिलेल्या वेगमर्यादा मॅप्सवर दाखवायला बंगळूरुपासून सुरुवात केली. आपल्याकडचं मॅपल्स ॲपही मर्यादा आणि अपघातप्रवण जागा दाखवतं. अशा डेटाबेसची अडचण कुठल्याही इंजिनिअरला लगेच कळेल: अपडेट. काल रस्त्याचं काम सुरू झालं आणि ३० चा तात्पुरता बोर्ड लागला, तर ॲप आजही जुनाच आकडा दाखवणार. फ्लायओव्हर आणि त्याखालचा सर्व्हिस रोड यांच्यातही ॲपची गल्लत होते. बोर्ड आणि ॲप यांत भांडण झालं तर नेहमी बोर्डचं ऐकायचं.

आणि कारमधला बीप? १ जुलै २०१९ पासून नवीन कारमध्ये ही सूचना सक्तीची आहे. ८० च्या वर थोड्या थोड्या वेळाने बीप, १२० च्या वर सतत. पण त्या बीपला तुम्ही कुठे आहात हे माहीत नसतं. शाळेसमोर ७५ ने गेलात तरी तो गप्पच राहील.

ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते कुठे?

लर्नरला समजावायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेकचं अंतर सुरू होतं आणि ते वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे वेग दुप्पट, तर ब्रेकचं अंतर चौपट.

कोरडा चांगला रस्ता, ठीकठाक टायर आणि पूर्ण ब्रेक धरून केलेलं हे गणित:

- ३० च्या वेगाला: एकूण सुमारे १७ मीटर
- ४० ला: २५ मीटर
- ५० ला: ३५ मीटर
- ६० ला: ४५ मीटर
- ८० ला: ६९ मीटर
- १०० ला: ९७ मीटर
- १२० ला: १२९ मीटर

ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. तेव्हा ६० ला ४५ ऐवजी ६० मीटर आणि ८० ला जवळपास ९५ मीटर लागतात. आकडे गाडीनुसार थोडे मागे-पुढे होतील, पण प्रमाण हेच राहील.

आता हे गणित आपल्या गल्लीत आणू. २६ मीटरवर, म्हणजे साधारण सहा-सात गाड्या एकामागे एक उभ्या राहतील इतक्या अंतरावर, एक लहान मूल चेंडूमागे रस्त्यावर आलं.

तुम्ही ४० वर असाल तर गाडी मुलाच्या जेमतेम अलीकडे थांबते.

५० वर असाल तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच जवळपास २१ मीटर संपतात. उरलेल्या पाच मीटरमध्ये ब्रेक लागतो, पण धडक बसते तेव्हा वेग अजून ताशी ४० च्या आसपास असतो.

६० वर असाल तर दीड सेकंदातच २५ मीटर संपले. ब्रेक लागायला सुरुवात होते न होते तोच धडक, जवळपास पूर्ण ६० च्या वेगाने.

४० आणि ६० मध्ये फरक फक्त वीसचा वाटतो. पण एका बाजूला मूल घाबरून घरी पळतं आणि दुसऱ्या बाजूला काय होतं हे लिहायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कारची पुढची बाजू पादचाऱ्याला धडकली, तर ५० च्या तुलनेत ६५ च्या वेगाला मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. म्हणूनच जिथे माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथे ३० ची मर्यादा असावी, अशी मागणी जगभर होते.

आणि वाचतं काय? १० किलोमीटरचं अंतर ५० ने १२ मिनिटांत आणि ६० ने १० मिनिटांत. दोन मिनिटं. मध्ये दोन सिग्नल लागले तर तीही गेली.

ॲपला न दिसणारा रस्ता

डेटाबेसमध्ये रस्त्याचं नाव आहे, लेन आहेत, मर्यादा आहे. आज संध्याकाळी त्या रस्त्यावर काय चाललंय हे त्याला फारसं माहीत नाही.

ऊस हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा भागात रात्री निघालात तर समोर मागचा दिवा नसलेली ट्रॉली कधी येईल सांगता येत नाही. बऱ्याच गाड्यांच्या डिपर बीममध्ये नीट दिसतं ते साधारण ४० ते ५० मीटर. वरची यादी पुन्हा बघा: ६० ला थांबायला ४५ मीटर लागतात. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर डिपरवर ७० ने जाणारा माणूस जिथे अजून काही दिसतच नाही तिथे जाऊन थांबणार आहे. मर्यादा ७० असली तरी.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, घसरण तेव्हा जास्त. घाटात उतरताना न्यूट्रल करून ब्रेकवर गाडी सोडली तर ब्रेक तापून पकड सोडतात. तिथे वेग खालच्या गिअरने धरायचा असतो. गावात शिरताना पट्टे नसलेला स्पीडब्रेकर, आठवडी बाजार, शाळा सुटायची वेळ, उभ्या एसटीच्या पुढून रस्ता ओलांडणारी माणसं. यातलं बहुतेक काही स्क्रीनवर येत नाही.

म्हणून लर्नरला एकच नियम पाठ करायला लावा: जेवढा रस्ता मोकळा आणि स्पष्ट दिसतोय, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. वळण आलं, दिसणारं अंतर कमी झालं, वेग कमी. धुकं आलं, वेग कमी. समोर ट्रक आला आणि पुढचं काहीच दिसेना, तरी वेग कमी.

यंत्रणा आकडा बघते, निवड शिकवत नाही

लर्निंग लायसन्सची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या आधारवर देता येते. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी, आणि ती बहुतेक ठिकाणी छोट्या ट्रॅकवर होते. रिव्हर्स येतो का, चढावर गाडी मागे जाते का, आठ काढता येतो का, हे तिथे कळतं. पावसात ६० वरून ४० वर यायचं हे कळतं का, ते त्या ट्रॅकवर तपासणं शक्यच नाही.

नंतर थेट कॅमेरा भेटतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून नवी वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली आणि कॅमेरे वेग पकडायला लागले. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही, मर्यादा असेल तर ती पाळली जातेय का हे तपासायलाच हवं. पण नवशिका यातून चुकीचा धडा घेतो: कॅमेरा दिसला की ब्रेक, गेला की ॲक्सिलरेटर. मागच्या गाडीसाठी तो अचानक ब्रेक आणखी धोक्याचा.

इतर देश काय करतात? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात लर्नरला ९० च्या वर जाता येत नाही, रस्त्याची मर्यादा ११० असली तरी. पक्कं लायसन्स मिळण्याआधीच्या पहिल्या टप्प्यातही ९०, दुसऱ्यात १००. अनुभव वाढतो तशी मर्यादा वाढते. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कारमध्ये बोर्ड आणि नकाशा वाचून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे.

आपल्या २०१८ च्या यादीत लर्नरसाठी वेगळा आकडा नाही. कालच क्लच शिकलेला मुलगा आणि वीस वर्षं चालवणारा माणूस, दोघांना कागदावर सारखीच मर्यादा. मला वाटतं, टप्प्याटप्प्याने वाढणारी मर्यादा आपल्याकडेही यायला हवी. ती येईपर्यंत हे काम शेजारी बसणाऱ्यालाच करावं लागणार आहे.

शेजारी बसणाऱ्या दादा-ताईंसाठी

आधी नियम: लर्नरच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. हे दोन्ही नसेल तर किल्ली देऊ नका.

मग हे करून बघा. वेगाचे आकडे माझे अंदाज आहेत, कायदा नाही.

१. मैदान, २० पर्यंत. स्टिअरिंग आणि ब्रेक अंगवळणी पडेपर्यंत. रिकाम्या जागेत २० आणि ३० वरून पूर्ण ब्रेक मारायला लावा आणि पावलं मोजा. वरची यादी वाचण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

२. सोसायटी आणि गल्ल्या, ३० पर्यंत. इथे वेगापेक्षा नजर महत्त्वाची. पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून कोण येईल?

३. मोठा शहरी रस्ता, ४० ते ५०. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर. पुढची गाडी खांबापाशी गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा. तोवर तुम्ही खांब गाठला तर फार जवळ आहात. पावसात हे अंतर दुप्पट.

४. हायवे, सगळ्यात शेवटी. दिवसा, कोरड्या हवेत, डाव्या लेनमध्ये. इथे फार हळू जाणंही धोक्याचं: सगळे ९० ने जात असताना उजव्या लेनमध्ये ४० ने चालणारी गाडी म्हणजे अडथळाच. ट्रॅफिकसोबत आरामात जाता येत नसेल तर हायवेची वेळ अजून आलेली नाही.

बोलायची पद्धतही बदला. 'अरे हळू, हळू!' असं ओरडलं की लर्नर दचकतो आणि काय चुकलं हे त्याला कळतच नाही. त्याऐवजी आधीच विचारा: 'पुढे काय दिसतंय? मग वेग किती हवा?' त्यालाच मोठ्याने बोलू द्या: 'पुढे एसटी उभी आहे, ३० वर येतो.' पंधरा मिनिटं असं केलं तरी तो काय बघतोय आणि काय बघतच नाहीये, हे तुम्हाला कळेल.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. तासभर १०० ने चालवल्यावर ६० चा वेग रांगल्यासारखा वाटतो. मेंदूला सवय झालेली असते. एक्सप्रेसवे सोडून गावाच्या रस्त्याला लागताना अंदाजावर जाऊ नका, काटा बघा.

दुचाकी शिकवणाऱ्यांसाठी: १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस असतं, खालच्या बहुतेक गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस. सीबीएस चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही. ओल्या रस्त्यावर, वाळूवर पुढचा ब्रेक एकदम दाबला की गाडी गेलीच. तिथे आधीपासून कमी वेग हाच उपाय.

फोन कसा लावायचा?

मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशनच्या पर्यायात स्पीडोमीटर आणि वेगमर्यादा सुरू करता येतात. हे निघण्याआधी करा, फोन होल्डरमध्ये लावा, आवाजाच्या सूचना चालू ठेवा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. रील, मेसेज आणि गाणं बदलणं त्यात बसत नाही. ६० च्या वेगाने जाताना दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं, म्हणजे ३३ मीटर डोळे मिटून चालवलं.

शिकणाऱ्याच्या पहिल्या काही आठवड्यांत तर मॅप्सचा आवाज आणि आकडा शेजारी बसणाऱ्याकडेच असू द्या. लर्नरचे डोळे रस्त्यावर हवेत. आकडा तुम्ही बघा आणि अधूनमधून विचारा, 'आत्ता वेग किती असेल?' त्याचं उत्तर आणि स्क्रीनवरचा आकडा पाचच्या फरकाने जुळायला लागले की समजा, आता त्याला वेगाचा अंदाज यायला लागलाय.